पिटकेर्नचे द्विपंखी विमान : शर्यत आणि टपाल एकाच आराखड्यात कसे बसले?

प्रश्न (विमानवाचक) : अमेरिकेतील हॅरोल्ड पिटकेर्न यांच्या कंपनीचे ‘सेस्क्विविंग’ हे १९२० च्या दशकातील द्विपंखी विमान हवाई शर्यती आणि हवाई टपाल अशा दोन्ही कामांसाठी बांधले होते. शर्यतीच्या विमानाला वेग पुरतो. टपालाच्या विमानाला मात्र रात्री-अपरात्री पत्रे ठिकाणावर पोहोचवावी लागतात. मग ही सांगड बसली कशी? शिवाय त्याचा खालचा पंख वरच्यापेक्षा लहान का आहे?

उत्तर (जुना वैमानिकीप्रेमी) : पंखांचे आधी सांगतो. द्विपंखी विमानात वरच्या पंखाखालचा जास्त दाब आणि खालच्या पंखावरचा कमी दाब एकमेकांना मारक ठरतात, त्यामुळे खालचा पंख आखूड व अरुंद केला की उचल फारशी न गमावता हवेचा रोध घटतो. पहिल्या महायुद्धातील फ्रेंच न्यूपोर १७ विमानात हीच रचना होती. तिचा दुसरा फायदा टपालवाल्यांना अधिक मोलाचा वाटला असावा : वैमानिकाला खालची जमीन नीट दिसते, आणि त्या काळी रेल्वेचे रूळ, नद्या व गावांचे दिवे पाहतच वाट काढावी लागे.

उत्तर (टपालइतिहास) : सांगड बसली ती टपालाच्या स्वरूपामुळे. १९२५ च्या केली कायद्याने हवाई टपाल खासगी कंत्राटदारांकडे गेले आणि पुढे त्यांना मोबदला वजनावर मिळू लागला. पत्रांचे गठ्ठे थोड्या जागेत मावतात, प्रवाशांसारखी त्यांना आसने लागत नाहीत. म्हणून एका वैमानिकाचे, सडपातळ धडाचे, वेगवान विमान शर्यतीला जसे चालते तसेच टपालालाही चालते. याच कंपनीच्या १९२७ मधील ‘मेलविंग’मध्ये टपालाचा बंदिस्त कप्पा वैमानिकाच्या पुढे होता आणि वैमानिक स्वतः मागे उघड्यावर बसे.

विमानवाचक : आभारी आहे. पण भरवशाचे काय? शर्यतीतले इंजिन रोजच्या कामात टिकले असते का?

टपालइतिहास : माझ्या मते खरा फरक तिथेच पडला. टपाल खात्याच्या जुन्या डीएच-४ विमानांत पाण्याने थंड होणारे ४०० अश्वशक्तीचे लिबर्टी इंजिन होते. पाणी म्हटले की रेडिएटर, नळ्या आणि गळती आलीच. मेलविंगमध्ये हवेने थंड होणारे, सुमारे २२० अश्वशक्तीचे राइट व्हर्लविंड बसवले होते. त्याच मालिकेच्या इंजिनावर अमेरिकी वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनी मे १९२७ मध्ये न्यूयॉर्कहून न थांबता साडेतेहेतीस तास उडून पॅरिस गाठले, त्यामुळे त्याच्या भरवशाबद्दल वेगळा पुरावा नको. मे १९२८ मध्ये पिटकेर्न यांच्या टपालसेवेचा न्यूयॉर्क–अटलांटा मार्ग सुरू झाला, तेव्हा दिवसभर साठलेले टपाल घेऊन दिवे लावलेल्या हवाई मार्गावरून रात्री उडायची जबाबदारी मेलविंग विमानांवर आली. शर्यतीने वेगाची दिशा दाखवली हे मी मान्य करतो. रोजच्या फेऱ्या मात्र या इंजिनाच्या जोरावर झाल्या.

जुना वैमानिकीप्रेमी : एक पुस्ती जोडतो. पिटकेर्न यांनी हा टपालव्यवसाय १९२९ मध्ये विकला आणि पुढे त्यातूनच ईस्टर्न एअर लाइन्स ही प्रवासी विमानकंपनी उभी राहिली. प्रत्यक्ष मेलविंग पाहायचे असल्यास वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन हवाई व अंतराळ संग्रहालयाच्या संग्रहात ते आहे.