'सिट्रस-वुडी' वासाला मराठीत काय म्हणाल?

अनुवादी

एका मजकुराचं मराठी करते आहे. विषय: पुरुषांसाठीचा जुन्या वळणाचा सिट्रस-वुडी सुगंध, तो कसा वापरावा आणि त्यातली गोडी कशी ओळखावी. 'वुडी' या शब्दाशी अडले आहे. 'लाकडी' म्हटलं की लाकडी खुर्ची, लाकडी घाणा असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं, म्हणजे लाकडापासून बनवलेली वस्तू. 'लाकडाचा वास' म्हटलं तर वखारीत उभं राहिल्यासारखं वाटतं. 'सिट्रस'ला 'लिंबूवर्गीय' हा शब्द आहे, पण तो फळबागेच्या पुस्तकातला. शिवाय मूळ मजकुरात सुगंध 'परिधान' करतात. मराठीत तसं कोणी म्हणत नाही, तेव्हा क्रियापदही सुचवा. पण मुख्य प्रश्न 'वुडी'चाच.

मुळाक्षर

काष्ठगंधी. पुष्पगंधी, फलगंधी हे शब्द रुळले आहेत, त्याच पंक्तीत हा सहज बसतो. सिट्रससाठी जंबीरगंधी. 'परिधान' अर्थातच नको. गंध लावणे पुरेसे आहे.

शिंतोडा

'गंध लावणे' लिहिलंत की वाचकाला कपाळावरचं गंध दिसणार. तो अर्थ इतका घट्ट बसलाय की दुसरा आत शिरूच शकत नाही. अत्तर लावतात, सेंट मारतात. कारण उघड आहे. अत्तर तेलकट, ते बोटाने किंवा फायाने टेकवायचं. सेंट बाटलीच्या फवाऱ्यातून अंगावर येतो, त्याला 'मारणे' हेच खरं क्रियापद. छापील मजकुरात 'फवारणे' चालेल.

मुळाक्षर

फवारणी कीटकनाशकाची होते.

शिंतोडा

पाण्याचीही होते. शब्दाला एकाच कामाला जुंपू नये.

नासिका

'वुडी' म्हणजे नेमकं कोणतं लाकूड, हे आधी ठरवावं लागेल. या गटात मोडणाऱ्या कितीतरी गोष्टी लाकूड नसतातच. वाळा हे गवताचं मूळ. पॅचौली ही पानं. ओकमॉस हा लायकेन, म्हणजे आपल्याकडच्या दगडफुलाचा भाऊबंद. (त्याचं भाषांतर 'शेवाळ' असं सर्रास होतं, ते चूक आहे. मॉस हे नाव फसवं.) खरी लाकडं म्हणावीत तर चंदन आणि सीडर, आणि सीडरमध्येही घोळ आहे. अ‍ॅटलस सीडर हा देवदाराच्याच कुळातला, सेड्रस. त्याला देवदारी म्हणा, हरकत नाही. पण व्हर्जिनिया सीडर हा ज्युनिपर आहे. देवदाराशी त्याचा संबंध नाही. पेन्सिलीला टोक काढताना येतो तो कोरडा वास त्याचा.

म्हणून सगळ्याला सरसकट 'काष्ठगंधी' म्हटलं की शब्द शुद्ध राहतो आणि माहिती चुकते. कोणता घटक पुढे आहे ते बघून चंदनी, वाळ्याचा, देवदारी असं म्हणावं.

मुळाक्षर

हा न्याय लावला तर कोणतीच वर्गवाचक संज्ञा उरणार नाही. इंग्रजीतला 'वुडी' तरी कुठे लाकडापुरता आहे? त्या भाषेने गवताचं मूळ लाकडात धरलं, तसं मराठीने 'काष्ठ'मध्ये धरावं. संज्ञा वापरातून रुंद होते.

जाता जाता: वाळ्याचं इंग्रजी नाव व्हेटिव्हर, तो शब्द तमिळ. वेट्टिवेर, त्यातला 'वेर' म्हणजे मूळ. नावातच मूळ आहे. आपला 'वाळा' मात्र 'वाळणे'वरून आला असावा, वाळवून ठेवतात म्हणून.

ओलावाळा

'वाळणे'वरून नसावा. संस्कृतात वाल, वालक ही सुगंधी वनस्पतींची नावं आहेत. 'ल'चा 'ळ' होऊन वाळा सरळ मिळतो. वाळवून ठेवण्याच्या मुळ्या कमी आहेत का? त्या सगळ्यांचं नाव वाळा का नाही पडलं?

मुळाक्षर

वालक म्हणून कोशांत जी वनस्पती येते ती बरेचदा वेगळीच असते. वाळ्याला संस्कृतात उशीर म्हणतात.

ओलावाळा

नावं एका वनस्पतीवरून दुसरीवर जातातच. संत्र्याचंच बघा. वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने आपण ज्याला संत्रं म्हणतो ते मँडरिन, आणि परफ्यूमवाले ज्याला स्वीट ऑरेंज म्हणतात त्या जातीत आपली मोसंबी येते. अनुवादी, तुमच्या मजकुरात ऑरेंज असेल आणि तुम्ही संत्रं लिहिलंत तर चालून जाईल. पण मँडरिन आणि ऑरेंज शेजारीशेजारी आले तर काय कराल?

अनुवादी

दोन्ही आहेत. शिवाय बर्गमॉट हे लिंबूवर्गीय फळ आहे, त्याला तर मराठी नावच नाही. सध्या मी 'आंबटसर वास' असं लिहून पुढे गेले आहे.

नासिका

'आंबटसर' काढून टाका. आंबटपणा सायट्रिक आम्लाचा, आणि ते आम्ल उडत नाही. त्यामुळे त्याला वासही नाही. सिट्रसचा वास रसातून येत नाही, सालीतल्या तेलातून येतो. सालीवर बारीक ठिपके दिसतात त्या तेलाच्या पिशव्या. साल दाबून तेल काढतात, ऊर्ध्वपातन बहुधा करत नाहीत, कारण उष्णतेने ताजेपणा जातो. लाइमचं तेल मात्र दोन्ही तऱ्हांनी काढतात आणि दोन्हींचा वास इतका निराळा असतो की एकाच फळाचा वाटत नाही.

शिंतोडा

मराठीच्या अंगानेही 'आंबट' चूक. 'आंबट वास येतोय' म्हणजे काहीतरी नासलंय, नाहीतर घामाचा कपडा आहे. चवीला आंबट ही तक्रार नाही, वासाला आंबट ही तक्रार आहे.

गंधाली

'वास' शब्दाचंही तेच. 'वास येतोय' म्हणजे दुर्गंधच. मजकुरात सगळीकडे 'सुवास' किंवा 'सुगंध' हवं. वर लोक 'पेन्सिलीचा वास', 'तेलाचा वास' म्हणताहेत, ते वाचायला बरं वाटत नाही.

शिंतोडा

वासाचं तेल, वासाचा साबण, वासाची फुलं. तिन्ही ठिकाणी 'वास' म्हणजे चांगलाच वास. एकटं 'वास येतो' तक्रारीचं झालं म्हणून शब्द टाकून द्यायचा का? 'सुगंध' प्रत्येक वाक्यात आला की मजकूर जाहिरातीसारखा वाचला जातो. शिवाय जाणकार माणसाला तटस्थ शब्द लागतोच. ओकमॉसचा वास शाईसारखा, ओलसर, किंचित कडू असतो. त्याला सुवास म्हणणं म्हणजे ऐकणाऱ्याला आधीच निकाल सांगणं.

गंधाली

मग 'गंध' घ्या. तटस्थही आहे आणि सभ्यही.

शिंतोडा

'वास' असभ्य कधी झाला?

मुळाक्षर

या गोंधळाला कारण एकच. आपल्याकडे बारकाव्यांचे शब्द होते, ते आपण सपाट केले. अमरकोशात घासण्या-मळण्यातून उठणाऱ्या मनोहर गंधाला परिमल म्हटलं आहे. तोच फार लांबवर जाणारा असला तर आमोद. आपण परिमळ म्हणजे कुठलाही सुगंध केला आणि आमोद म्हणजे नुसती मजा. परफ्यूमवाले ज्याला 'सियाज' म्हणतात, म्हणजे माणूस निघून गेल्यावर मागे राहणारा वास, त्याला 'आमोद' परत आणता येईल.

नासिका

सियाज हा फ्रेंच शब्द जहाजामागे पाण्यात उमटणाऱ्या रेषेसाठी आहे. अमरकोशातला आमोद दूर पोचण्याबद्दल बोलतो, मागे उरण्याबद्दल नाही. हे दोन गुण वेगळे आहेत. उभ्या माणसाभोवती वास किती हातांवर कळतो हा एक, तो चालून गेल्यावर हवेत काय उरतं हा दुसरा. पहिल्यासाठी 'आमोद' चालेल, निदान 'पसर' तरी म्हणा. दुसऱ्यासाठी मी 'माग' म्हणेन. सुगंधाचा माग.

गंधाली

'दरवळ' आहे की. कशाला नवीन शोधता?

नासिका

दरवळ दोन्हींना लागतो, तिथेच अडचण आहे. सिट्रस-वुडी वासात हा फरक मुद्दाम सांगावा लागतो. पहिली १५–२० मिनिटं पसर मोठा असतो, कारण सालीची तेलं पटकन उडतात. नंतर वाळा-सीडर अंगालगत राहतात. माणसाला वाटतं वास संपला, आणि तो आणखी चार फवारे मारतो. वास संपलेला नसतो, नाक सरावलेलं असतं. दहा मिनिटं दुसऱ्या हवेत जाऊन यावं आणि मग कपड्याच्या बाहीपाशी हुंगावं. बहुतेक वेळा तो तिथेच असतो.

अनुवादी

हे उपयोगी आहे, पण 'वुडी'चं अजून ठरलं नाही. आणि हा जो नंतरचा टप्पा आहे, इंग्रजीत ज्याला वाळणं म्हणतात, त्याला काय म्हणू? 'वास वाळला' तर म्हणता येत नाही.

शिंतोडा

मुरणे. पाणी जमिनीत मुरतं तसा वास कातडीत मुरतो. 'मुरल्यावरचा वास' असं लिहा, कोणालाही कळेल.

नासिका

मुरणे हे कारखान्यातल्या टप्प्यासाठी राखून ठेवलेलं बरं. अर्क अल्कोहोलमध्ये मिसळल्यावर काही आठवडे मुरवत ठेवतात, मग थंड करून गाळतात. एकाच लेखात दोन्ही आले तर वाचक गोंधळेल. अंगावरच्या टप्प्याला 'बसणे' म्हणा. वास बसल्यावर.

शिंतोडा

'वास बसला' म्हणजे कपड्याला लागला आणि जाईना. धुराचा बसतो, घामाचा बसतो. इथे तो अर्थ येतोच.

ओलावाळा

मला 'लाकडी'ची बाजू घ्यायची आहे. बोलीत 'लाकडी वास' म्हटलेलं कानाला खटकत नाही. 'मातकट', 'धुरकट' आहेत, त्यांच्या चालीवर 'लाकूडकट' होत नाही हे खरं, पण 'लाकडी' होतं. 'सोनेरी' म्हणजे फक्त सोन्याचं बनवलेलं नाही, सोन्यासारखंही. तसंच 'लाकडी' म्हणजे लाकडासारखंही होऊ शकतं. काष्ठगंधी हा शब्द बोलून बघा, कोणाच्या तोंडी बसणार आहे?

मुळाक्षर

तोंडी न बसणारे किती शब्द छापून छापून बसले. आणि 'सोनेरी'चा दाखला इथे लागू नाही. सोन्याचं बनवलेलं ते आपण 'सोन्याचं' म्हणतो, म्हणून 'सोनेरी' मोकळा राहिला. 'लाकडी' मोकळा नाही.

नासिका

माझा आक्षेप एक पायरी आधीचा आहे. 'सिट्रस-वुडी' हे विशेषण आहे असं आपण धरून चाललोय. पण ती दोन नावं एका वेळी नसतात. मधली आडवी रेघ म्हणजे 'आणि' नव्हे, 'मग'.

लिमोनीन हा सालीच्या तेलांतला मुख्य घटक, स्वीट ऑरेंजमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त. रेणू लहान, उत्कलनबिंदू सुमारे १७६ अंश. चंदनातला सँटॅलॉल मोठा आणि जड, ३०० अंशांच्या पुढे. दोन्ही एकदम लावले तरी आधी एक जातो, दुसरा मागे राहतो. चांगल्या रचनेत मधली दरी बुजवलेली असते. बर्गमॉट त्या कामाला येतो, कारण त्यात लिमोनीनबरोबर लिनॅलिल अ‍ॅसिटेटही भरपूर असतं आणि ते जरा सावकाश जातं. किंवा हेडियोन हा कृत्रिम घटक, वासाने जाईच्या जवळचा पण हवेसारखा हलका. १९६६च्या ओ सोवाज या परफ्यूममध्ये तो बनवणाऱ्या एदमाँ रुदनित्स्काने हेडियोन वापरला, आणि लिंबाचा ताजेपणा नेहमीपेक्षा लांबल्यासारखा वाटतो तो त्यामुळेच. २००६च्या तेर दर्मेस या परफ्यूममध्ये तो बनवणाऱ्या झाँ-क्लोद एलेनाने संत्र्याच्या सालीखाली मिरी, चकमकीचा दगड, वाळा आणि सीडर ठेवलंय. तिथे दरी बुजवण्याऐवजी कोरडी ठेवलीय, आणि तीच त्याची ओळख. (उच्चार 'टेरे डी हर्मीस' नाही.)

म्हणून मजकुरात एक विशेषण लिहू नका, वाक्य लिहा: आधी साल, मग लाकूड.

गंधाली

साल! फळाची साल आणि झाडाचीही साल. मराठीत एकच शब्द दोन्हीकडे आहे. 'साल आणि गाभा' म्हणा. चंदनाचं तेलही गाभ्यातूनच निघतं ना, बाहेरच्या कोवळ्या लाकडाला वास नसतो?

नासिका

हो, गाभ्यातून आणि मुळांतून. 'साल आणि गाभा' मला आवडलं.

मुळाक्षर

वाळ्याला गाभा कुठला? काष्ठगंधीवर जो आक्षेप घेतला तोच इथे येतो. आणि 'साल' एकटं आलं तर वर्ष की सालपट हे संदर्भावरून ठरवावं लागेल.

ओलावाळा

'जुन्या वळणाचा' हे मात्र ठेवा, 'अभिजात' करू नका. या घराण्याचं मूळ थेट १७०९ मध्ये कोलोन शहरात सुरू झालेल्या फारिनांच्या सुगंधी पाण्यापर्यंत जातं. जुन्या मराठीत त्याचं 'युडीकोलन' झालं आणि कोणालाही ते परकं वाटलं नाही. 'सिट्रस'लाही तसंच राहू द्या. पन्नास वर्षांत त्याचंही काहीतरी छान होईल.

मुळाक्षर

'युडीकोलन' वस्तूचं नाव आहे. सिट्रस हा गुण आहे. वस्तूची नावं उसनी घ्यावीत, गुणांची घेऊ नयेत. गुण सांगता येत नसेल तर भाषा कशासाठी?

अनुवादी

शेवटचा परिच्छेद वापराच्या सूचनांचा आहे. 'मनगटावर फवारून मनगटं एकमेकांवर चोळा' असं मूळात आहे. 'चोळा' की 'घासा'?

नासिका

दोन्ही नको, मूळच चूक आहे. चोळल्याने रेणू मोडतात ही समजूत खोटी. पण ऊब आणि घर्षणाने वरची सालीची तेलं लवकर उडतात, आणि या प्रकारात तीच थोडा वेळ टिकणारी. 'टेकवा' लिहा, किंवा काहीच लिहू नका, सुकू द्या. फवारा १५ ते २० सेंटिमीटरवरून. छाती, मानेची मागची बाजू आणि कपड्याच्या आतून एक, एवढ्या तीन फवाऱ्यांत भागतं. कोरड्या कातडीवर आधी बिनवासाचं मलम लावलं तर वास जास्त टिकतो. पांढऱ्या किंवा रेशमी कपड्यावर थेट नको, सालीच्या तेलांचे पिवळट डाग पडतात.

आणि एक ओळ जरूर घाला: उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर फवारू नये. दाबून काढलेल्या बर्गमॉटमध्ये बर्गॅप्टेन असतं. त्यावर ऊन पडलं की कातडी भाजते आणि तपकिरी चट्टे राहतात. आजच्या बहुतेक बाटल्यांत ते काढून टाकलेलं किंवा मर्यादेत ठेवलेलं असतं. जुन्या बाटलीचा भरवसा नाही. तिचं लिमोनीनही हवेने बदललेलं असू शकतं. झाकण काढल्यावर लिंबाऐवजी टर्पेंटाइनसारखा वास आला तर अंगावर घेऊ नये, कातडीला खाज सुटते.

शिंतोडा

'बिनवासाचं मलम'. बघा, 'वास' लागलाच.

गंधाली

तिथे 'निर्गंध' चाललं असतं.