टो स्पेसरने अंगठा सरळ होतो का? कार्तिकीला पायी जायचंय (मदत हवी आहे)

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते, वय ४४. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय आणि अंगठा शेजारच्या बोटावर रेललाय. बेळगावला हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. उभं करून एक्स-रे काढला, अंगठा वळल्याचा कोन २२ अंश भरला. १५ च्या आत असता तर काळजी नव्हती म्हणाले. याला बनियन म्हणतात. घरी सांगितलं तर हे म्हणतात, "गंजीचं पायात काय काम?" असो.

ऑपरेशनची आत्ता गरज नाही, चपला बदला, एवढंच डॉक्टर बोलले. मग लेकीने पुण्याहून सिलिकॉनचे टो स्पेसर पाठवले. कंगव्यासारखे दिसतात, चारही फटींत एकेक दात बसतो. पहिल्या दिवशी उत्साहाने घातले आणि तसेच ठेवून भाकऱ्या थापल्या. तासाभराने बोटं अशी ठणकायला लागली की काढून फेकले. शिवाय जोडवी असल्यामुळे दुसऱ्या बोटाशी ते नीट बसतच नाहीत.

गावच्या दिंडीबरोबर यंदा पहिल्यांदा कार्तिकीला पायी जायचंय. दोनशेच्या वर किलोमीटर आहेत, हातात अजून तीन महिने आहेत. कुणी हे वापरलेत का? अंगठा खरंच सरळ होतो, की नुसते पैसे घालवायचे धंदे? आणि आईलाही पायाचा त्रास आहे, तिला शुगर आहे. तिच्यासाठी दुसरा जोड मागवू का?

वडगावची_सून

ताई, मी आठ महिने वापरतेय. खरं सांगते, घातलेले असतात तोवर अंगठा सरळ दिसतो. काढले की तासाभरात पुन्हा आपल्या जागी. मोठ्या माणसाचं सरकलेलं हाड सिलिकॉनच्या तुकड्याने मागे येत नाही, तशी जाहिरात दिसली तर पुढे सरका. पण माझं दुखणं निम्म्यावर आलंय, आणि अंगठा दुसऱ्या बोटावर घासून भोवरी व्हायची ती बंद झाली. एवढ्यासाठी मला ते परवडतात.

तुमचं चुकलं ते पहिल्याच दिवशी तासभर घातलेत तिथं. सुरुवातीला दहा मिनिटं बास. बसून, टीव्ही बघताना. आठवडाभर काही त्रास नाही झाला तर पाच-पाच मिनिटं वाढवायची, मग घरातल्या घरात चालायचं. मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली की लगेच काढायचे. जोडवी तेवढ्या वेळापुरती काढून ठेवा की, कोण बघतंय! सासूबाई बघत असतील तर अंगठा आणि दुसरं बोट यांच्यामध्ये बसणारा सुटा तुकडा मिळतो, तो घ्या.

आणि एक. आपल्याकडच्या पावसात बोटांच्या फटी ओल्या राहून चिखल्या होतात. चिखल्या असताना स्पेसर घालायचे नाहीत. एरवी पाय खडखडीत पुसूनच घालायचे आणि स्पेसर रोज साबणाने धुवायचे.

घाटमाथा

मी वर्षभर घातले. अंगठा होता तिथंच आहे. बायको मात्र नेलपॉलिश लावताना वापरते.

फिजिओ_टिळकवाडी

आधी आईंचं. शुगर जुनी असेल तर तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते. स्पेसर घासून जखम झाली तरी कळत नाही आणि ती लवकर भरतही नाही. त्यांचे पाय डॉक्टरांनी तपासल्याशिवाय काहीही घालू नका. तोवर रोज संध्याकाळी बोटांच्या फटी तुम्ही स्वतः बघा.

आता तुमचं. तुमच्या डॉक्टरांचं ते तोकडं वाक्य लाखमोलाचं आहे. एक कोरा कागद फरशीवर ठेवा, त्यावर पूर्ण वजन देऊन उभ्या राहा आणि पेन्सिल सरळ धरून पायाभोवती रेघ काढून घ्या. शाळेत घालता ती सँडल त्या रेघेवर ठेवा. पाय जेवढा सँडलच्या बाहेर दिसेल, तेवढा तुम्ही रोज आत कोंबता. स्पेसर अर्धा तास बोटं फाकवणार आणि सँडल सात तास आवळणार, तर जिंकणार कोण? अरुंद बुटात स्पेसर घालून चालणं तर त्याहून वाईट, दाब दोन्हीकडून येतो.

सोबत व्यायाम हवाच. खुर्चीत बसून टाच टेकवा, अंगठा जमिनीला दाबून बाकीची चार बोटं उचला, मग उलट करा. सुरुवातीला बोटं ऐकत नाहीत, हाताने धरून शिकवावी लागतात. पंचा पसरून बोटांनी जवळ ओढायचा, हेही चांगलं.

वारीत दिवसा चालताना स्पेसर नकोत. सवय झालेली असेल तर मुक्कामाला पाय धुऊन थोडा वेळ घाला. रुंद चवड्याचे बूट आत्ताच घ्या आणि रोज त्यातच चाला, दिंडी निघायच्या दिवशी नवे बूट घालू नका.

अथणीवाला

अक्का, आमच्या घरात तीन पिढ्या चपलाच होतात. नाव कोल्हापुरी असलं तरी २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्यात आपल्या बाजूचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर आहेतच, म्हणून हक्काने सांगतो. तयार माल घेऊ नका. फिजिओंनी सांगितलेला कागद कारागिराला द्या आणि पट्टा हाडाच्या मागे घ्यायला सांगा, हाडावर आला तर रोज सोलेल. चामड्याचा अंगठाही थोडा सैल ठेवायला लावा. शाळेत घालायला छान. पण वारीला नेऊ नका, माझाच धंदा असून सांगतोय. तळ कडक असतो, डांबरावर दोनशे किलोमीटर चालायला ती चप्पल नव्हे.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. आईला नको, पटलं. सोमवारी तिला दवाखान्यात नेते.

रात्री कागदाचा प्रयोग केला. चवड्याशी पाय १० सेंटीमीटर, सँडल ८. दोन्हीकडून एकेक बोट बाहेर! मग गंमत म्हणून सासूबाईंना कागदावर उभं केलं. जन्मभर रोपलावणीला अनवाणी चिखलात उभी राहिलेली बाई, लग्नाकार्याशिवाय चप्पल माहीत नाही. अंगठा आणि दुसरं बोट यांच्यामध्ये रुपयाचं नाणं आडवं मावतंय. माझी रेघ बघून म्हणाल्या, "तुझा पाय शाळेत जाऊन असा झालाय." मी म्हटलं माझ्या मावशीचाही असाच होता, घराण्यातच असेल. त्या काही ऐकेनात.

आज सकाळी स्पेसर घालून दहा मिनिटं बसले, घड्याळ लावून. ठणकलं नाही. पण चार बोटं उचलायला गेले तर अंगठाच आधी वर येतोय. अथणीवाला दादा, कागद दोन्ही पायांचा द्यायचा का? डावा अर्धा सेंटीमीटर लहान भरलाय.

अथणीवाला

दोन्हींचा द्या अक्का, उभं राहून काढलेलाच. आणि संध्याकाळी काढा, दिवसभर उभं राहून पाय फुगतो. सकाळच्या मापाची चप्पल दुपारी चावते.