सहावीच्या मुलांना प्राचीन साम्राज्यांवरचे कोणते सिनेमे दाखवावेत?

पाटीपेन्सिल:
सहावीला इतिहास शिकवते. घरी 'ग्लॅडिएटर' बघून आलेल्या एका पोराने विचारलं, "बाई, मॅक्सिमस खरा होता का?" नव्हता, एवढं सांगितलं, मग खरं काय होतं, यातच तास संपला. रोम, चीन, दोन्हीकडचे सिनेमे सुचवा. रक्तबंबाळ तुकडे मी गाळून दाखवीन. भारतातलं काही असलं तर उत्तमच.

टोळभैरव:
'थ्री हंड्रेड' नका दाखवू. इराणी म्हणजे राक्षस, असं वाटेल पोरांना. बाकी जाणकार येतीलच.

खांबवाला:
बाई, मी अभ्यासक नाही. गोरेगावच्या चित्रनगरीत सेटसाठी प्लास्टरचे खांब ओतण्यात आयुष्य गेलं. माझं म्हणणं एवढंच, की एकाच राजावरचे दोन सिनेमे लागोपाठ दाखवा आणि विचारा, राजा खरा मेला कसा? एकच बघितला तर पोरं तो खरा मानतात. दोन बघितले की भांडतात.

'ग्लॅडिएटर'ला (२०००) जोड १९६४ च्या 'द फॉल ऑफ द रोमन एम्पायर'ची. तोच रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस, तोच त्याचा पोरगा कोमोडस. एकात पोरगा स्वतः बापाला मारतो, दुसऱ्यात त्याची माणसं विष घालतात. प्रत्यक्षात बापाने त्याला इ.स. १७७ मध्येच सहसम्राट केलं होतं. १८० मध्ये बाप गेला तेव्हा गादीचा तंटाच नव्हता. पुढे बारा वर्षं राज्य केलं आणि १९२ च्या ३१ डिसेंबरला मेला. आधी विष दिलं, ते ओकून पडलं, मग नार्सिसस नावाच्या पैलवानाने न्हाणीघरात गळा आवळला. हे असलं मरण दोन्ही दिग्दर्शकांना चाललं नाही. दोघांनीही त्याला नायकाच्या हातून, चारचौघांत, द्वंद्वात मारलं! तरी जुन्याचा शेवट मला आवडतो, कारण तिथे गादीचा लिलाव होतो आणि तो खरंच झाला होता, १९३ मध्ये. मधले सम्राट पर्टिनॅक्सचे तीन महिने तेवढे गाळलेत. आणि सेट काय सांगू, माद्रिदजवळ अख्खा रोमन फोरम उभा केला, संगणकाच्या मदतीशिवाय. निर्मात्याचं त्याच सुमारास दिवाळं वाजलं.

चीनसाठी 'द एम्परर अँड द असॅसिन' (१९९८) आणि 'हीरो' (२००२). चीनमधल्या हंगडिएन चित्रनगरीतला छिन राजवाडा पहिल्यासाठी बांधला, दुसऱ्याचं चित्रीकरणही तिथेच झालं. दोन्हींत छिन राज्याच्या राजाच्या जिवावर उठलेला माणूस आहे. आधी जुना चिनी इतिहासकार सिमा छ्येनने लिहिलेली हकीकत सांगा. इ.स.पू. २२७. नकाशाच्या गुंडाळीत खंजीर. दरबाऱ्यांना आत शस्त्र आणायची बंदी. राजाची तलवार इतकी लांब की म्यानातून निघेना, म्हणून राजा खांबाभोवती पळतोय आणि वैद्य औषधाची पिशवी फेकून मारतोय! 'हीरो'त यातलं काही नाही. तिथे मारेकरी राजापासून दहा पावलांवर पोचतो आणि स्वतःच हात आवरतो, कारण सगळी राज्यं एका छत्राखाली आली तर लढाया थांबतील. दिसायला अप्रतिम, पण मला ती हुकूमशहाची वकिली वाटली. ते छत्र इ.स.पू. २२१ मध्ये उभं राहिलं आणि पंधरा वर्षांत कोसळलं, हे सिनेमा सांगत नाही.

गोदाकाठ:
काका, +१. पण जोडीला सिनेमाच कशाला हवा? २०१७ चा तेलुगू 'गौतमीपुत्र सातकर्णी' घ्या. त्यात ग्रीक देमेत्रियस चालून येतो, ते काल्पनिक. मग मुलांना नाशिकला पांडवलेण्यांत न्या. तिसऱ्या लेण्यात सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे (सिनेमात हेमामालिनी). शिवाय १९०६ मध्ये जोगलटेंभीला क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर सातकर्णीने आपला छाप मारलाय. शत्रूची नाणी वितळवायलाही थांबला नाही गडी.

पाटीपेन्सिल:
धागा काढल्याचं चीज झालं. लेण्यांची सहल मुख्याध्यापकांच्या कानावर घालते. पण काका, छिनचा राजा शेवटी मेला कसा?

खांबवाला:
इ.स.पू. २१० मध्ये, दौऱ्यावर आजारी पडून. बातमी फुटू नये म्हणून प्रेत झाकल्या गाडीतून राजधानीकडे आणलं. उन्हाळ्याचे दिवस, वास सुटला, तेव्हा सोबत खारवलेल्या मासळीच्या गाड्या घेतल्या. हे मात्र मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला सांगू नका. पोरं डबे उघडणार नाहीत.