मदत हवी आहे: लहानपणचा ताण आणि तरुणपणी बीपी

माझ्या धाकट्या भावाचं वय ३८. बीपी १५०/९६ च्या आसपास. तंबाखू-दारू नाही, वजन बेताचं, आई-वडिलांना बीपी नाही. किडनी, थायरॉइड, साखर, लिपिड, ईसीजी, इको सगळं नॉर्मल. टेल्मिसार्टन ४० ही बीपीची गोळी सुरू आहे, मीठ कमी केलंय, रोज चालतो. तरी कामाच्या ठिकाणी कोणी आवाज चढवला की छाती धडधडते आणि मशीनवर १७० दिसतं.

आमच्या घरी लहानपणी रोजची मारहाण होती. त्यात सगळ्यात जास्त तोच सापडायचा. अमेरिकेतला १९९८ चा एसीई (बालपणीचे वाईट अनुभव) अभ्यास वाचला: बालपणी असे अनुभव जितके जास्त, तितकं मोठेपणी हृदयविकाराचं प्रमाण जास्त. २००४ च्या विश्लेषणात तर त्यामागे राग आणि नैराश्याचा वाटा सिगारेट-लठ्ठपणापेक्षाही मोठा दिसला. कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन), सतत ताणलेल्या रक्तवाहिन्या, शरीरातली सूज हा भाग समजला. भाऊ मात्र नुसत्या बीपीच्या रुग्णासारखा तपासला जातोय, याची मला फार काळजी वाटते.

औषध बंद करायचं नाहीये. मानसोपचाराला तो तयार आहे, पण आम्ही साताऱ्यात. पुण्याला महिन्यातून एकदाच जमेल, ऑनलाइन चालेल.

डॉक्टर किंवा समुपदेशक असाल तर सांगा: फिजिशियनला हा इतिहास सांगितल्यावर तपासण्या किंवा औषधात खरंच काही बदलतं का? २४ तासांचं बीपी मॉनिटरिंग आधी करून घ्यावं का? आणि बालपणीच्या आघातावर कोणत्या प्रकारची थेरपी घेतल्याने कोणाचं बीपी आटोक्यात आलंय का?