सेरोटोनिनचा सिद्धांत पडला, म्हणून गोळ्या बंद करायच्या?

पंचगंगातीर (धागालेखक)
कोल्हापूरच्या एका आरोग्यगटावर परवा एका गृहस्थांनी लिहिले, 'नैराश्यात सेरोटोनिन कमी होते हे २०२२ साली खोटे ठरले. मनाच्या गोळ्या फेका आणि पहाटे रंकाळ्यावर फिरा.' त्यावर गप्प बसणे मला अशक्य आहे. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या कमतरतेने नैराश्य येते याला ठोस पुरावा नाही, असा २०२२ च्या एका संशोधन-आढाव्याचा निष्कर्ष होता, त्याचाच हा विपर्यास. गोळ्या किती गुणकारी आहेत, हा त्याचा विषयच नव्हता. उन्मादावरच्या लिथियम या औषधाचा गुण १९४९ साली प्रसिद्ध झाला आणि ते नेमके कसे काम करते यावर आजही एकमत नाही, पण म्हणून ते कोणी टाकून दिलेले नाही. एसएसआरआय या वर्गातली नैराश्यावरची गोळी चेतापेशींकडून होणारे सेरोटोनिनचे पुनर्शोषण काही तासांतच रोखते, मात्र मनःस्थितीत फरक पडायला काही आठवडे जातात. मळमळ आणि अस्वस्थता याच आठवड्यांत होते, आणि त्या अवस्थेत असा संदेश वाचलेला माणूस पाकीट खरोखरच फेकून देतो.

बावडेकर
'तुमच्यात एक रसायन कमी आहे' असे रुग्णांना वर्षानुवर्षे सांगितले गेले, त्याचे उत्तर आधी द्या. माझ्या आईला झोपेसाठी अल्प्राझोलाम सुरू झाले. चिठ्ठी जुनी झाली तरी दुकानदार देत राहिला. गोळी चुकली की तिचे हात इतके थरथरतात की चहाची बशी धरवत नाही. याला व्यसन नाही तर काय म्हणायचे?

पंचगंगातीर
रसायनाची ती सोपी गोष्ट सांगायला नको होती, हे मान्य. पण अल्प्राझोलाम गाबा या मेंदूतल्या वेगळ्या रसायनावर काम करते, त्याची सवय लागते आणि ते मुळात थोड्या काळासाठीच द्यायचे असते. एसएसआरआयची तशी तलफ येत नाही. एकदम सोडल्यास चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखे होते, म्हणून मात्रा हळूहळू उतरवतात. आईंची गोळीही परस्पर बंद करू नका, फिट येण्याचा धोका असतो.

शाहूपुरीकर
गोळी घेणाऱ्यांचे पुरे झाले, न घेणाऱ्याचे काय? माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आमटीत विष आहे असे त्याला वाटते, म्हणून वडिलांनी त्याच्यासमोर पहिला घास खाल्ल्याशिवाय तो ताटाला हात लावत नाही. आम्ही त्याला घेऊन गेलो, तर 'नव्या कायद्याने पेशंटची सही लागते' म्हणून परत पाठवले. २०१७ चा हा मानसिक आरोग्यसेवा कायदा घरच्यांचे हात बांधतो.

कलम_८९
तुम्हाला चुकीचे सांगितले गेले. त्याच कायद्याच्या कलम ८९ नुसार नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे रुग्णाच्या वतीने नेमलेल्या माणसाच्या, अर्जावर, दोन तज्ज्ञांनी, त्यांत एक मनोविकारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासल्यावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. प्रतिनिधी आधी नेमला नसेल, तर नातेवाईक ती जबाबदारी घेऊ शकतात.

शाहूपुरीकर
कलमे वाचून भाऊ गाडीत बसत नाही! पोलीस म्हणतात, घरगुती मामला आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीला. आंबा घाट उतरताना त्याला कोणी धरायचे, तुम्ही?

कलम_८९
आवाज चढवून कायदा बदलणार नाही. त्याच्यापासून स्वतःला वा इतरांना धोका असेल, तर कलम १०० नुसार पोलिसांनी त्याला सरकारी आरोग्यसंस्थेत नेलेच पाहिजे. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

माहेरवाशीण
घरच्यांचे हात मोकळे होते तेव्हा काय होत असे, ते मी भोगले आहे. आधीच्या १९८७ च्या कायद्यात नातेवाइकाचा अर्ज आणि दोन डॉक्टरांचे दाखले एवढ्यावर ९० दिवसांपर्यंत ठेवता येत असे. मला पतीच्या अर्जावर ठेवले गेले आणि तेच कागद पुढे घटस्फोटाच्या दाव्यात माझ्याविरुद्ध लावले गेले. आजार खरा होता आणि ओलान्झापिन या मनोविकारावरच्या औषधाने मला सावरले, तेही मी आज स्वतःच्या इच्छेने घेते. पण तेव्हा मला एका शब्दानेही कोणी विचारले नाही. तुमच्या भावाला निदान कोणी विचारील, त्याचे प्रकरण अशा दाखल्यांची तपासणी करणाऱ्या मंडळापुढे जाईल, एवढी सोय तरी मोडू नका.

शाहूपुरीकर
ताई, तुमच्यावर अन्याय झाला, हे मी नाकारत नाही. तरीही हा कायदा आमच्यासारख्या घरांचा विचार करून केला आहे, असे माझ्याकडून वदवून घेऊ नका. वकीलसाहेब, ८९ च्या अर्जात काय काय लिहायचे आणि सोबत कोणते कागद लागतात, तेवढे इथे टाका. सोमवारी वडिलांना घेऊन जातो.