मदत हवी आहे: बर्बन पिंपात मुरवलेल्या इम्पीरियल स्टाउटला सोया सॉसची चव – वयाची की बिघाडाची?

नमस्कार मंडळी,

इथे बिअर आणि व्हिस्कीतले चांगले जाणकार आहेत हे जुन्या धाग्यांवरून ठाऊक आहे, म्हणून थेट विचारते.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो. थंडी पडायला लागली की इकडे बर्बनच्या, म्हणजे मुख्यतः मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीच्या, पिंपात मुरवलेल्या इम्पीरियल स्टाउटचे (काळपट, कडक बिअरचे) वेध लागतात. या प्रकाराचं माहेर हेच शहर म्हणायला हरकत नाही. इथल्या गूज आयलंड या ब्रुअरीच्या (बिअर बनवणाऱ्या कारखान्याच्या) ग्रेग हॉल यांनी नव्वदच्या दशकात जिम बीम या बर्बनची रिकामी पिंपं आणून त्यांत स्टाउट भरली आणि 'बर्बन काउंटी' तयार झाली. आता थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी तिची नवी बाटली निघते आणि दुकानांसमोर भल्या पहाटे रांगा लागतात. तिच्या पाठोपाठ अमेरिकेतल्या कितीतरी ब्रुअरी या वाटेला गेल्या.

गेल्या शनिवारी घरी एकाच ब्रुअरीच्या, एकाच नावाच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवून उघडल्या. एक यंदाची, दुसरी चार वर्षांपूर्वीची. (ब्रुअरीचं नाव मुद्दाम देत नाही. एका बाटलीवरून कुणाला बोल लावणं बरोबर नाही.)

यंदाची ओतताना काकवीसारखी दाट धार पडली. फेस कॉफीच्या रंगाचा, पण जेमतेम बोटभर आला आणि लगेच बसला. ग्लास कलता करून सरळ केला की काचेवर तपकिरी पडदा राहायचा आणि सावकाश खाली उतरायचा. वासात सगळ्यात आधी बर्बन, मग व्हॅनिला, आणि थोडं थांबल्यावर तव्यावर सुकं खोबरं भाजताना येतो तो खमंग वास. घोटात डार्क चॉकलेट, करपवलेली साखर, काळ्या मनुका, आणि शेवटी दाढांपाशी लाकडाचा तुरटपणा. मद्याची धग मात्र बरीच होती. लेबलवर १४ टक्के लिहिलंय, ते घशाला कळत होतं.

जुन्या बाटलीत ती धग पार निवली होती. पहिल्या घोटाला खारीक, अंजीर, थोडी शेरी वाइनची झाक. मी तर खूश झाले. पण दुसऱ्या घोटापासून मधेच एक खारट, मांसल चव वर यायला लागली, थेट सोया सॉसची. ग्लास जसा कोमट होत गेला तशी ती वाढत गेली. बिअरचं अंगही पातळ वाटलं. आंबटपणा अजिबात नाही, ओल्या पुठ्ठ्याचा वासही नाही. नवऱ्याचं म्हणणं, जुनी झाली की असंच व्हायचं. मला ते पटत नाही.

तर विचारायचं हे की अशी चव वयामुळे येते की बाटलीत बिघाड झालाय, आणि घरच्या घरी ते ओळखायचं कसं? त्या जुन्या बाटलीच्याच वर्षाची एक साधी आणि एक कॉफी घातलेली बाटली अजून शिल्लक आहे. त्या ठेवाव्यात की उघडाव्यात? डिसेंबरअखेर दीर आणि जाऊबाई पुण्याहून येणार आहेत. दीर सिंगल माल्ट व्हिस्की आवडीने आणि समजून पितात, पण हा प्रकार त्यांनी कधी घेतलेला नाही. त्यांना तो त्याच्या उत्तम रूपात मिळावा अशी मनापासून इच्छा आहे. किती गार द्यावी, कोणत्या ग्लासात, कशानंतर काय, हेही सांगा.

आगाऊ आभार.

---

प्रतिसाद १

ताई, वर्णन इतकं नेमकं केलंय की उत्तर देणं सोपं गेलं. सोया सॉसची चव बहुतेक वेळा यीस्टकडून येते. बाटलीच्या तळाशी उरलेल्या यीस्टच्या पेशी वर्षं उलटतात तशा मरतात, फुटतात आणि त्यांच्यातली अमिनो आम्लं बिअरमध्ये उतरतात. मांसल, खारट चव त्यांचीच. १४ टक्के मद्यात यीस्टवर आधीच ताण असतो, त्यात बाटली उबेला राहिली की हे सगळं लवकर घडतं. प्राणवायूचाही हात असतो, पण गडद माल्टमध्ये (मोड आणून भाजलेल्या धान्यात) त्याचे परिणाम सुरुवातीला चांगलेच लागतात. तुमची शेरी आणि खारीक तिथूनच आली. पुढे गेलं की तोच पुठ्ठ्यावर जातो.

जंतूंचा बिघाड निराळा. तो आंबट लागतो, बाटली उघडताना फसफस जास्त होते, वासात कधी व्हिनेगर तर कधी कच्चं सफरचंद. याचं मोठं उदाहरण तुमच्याच गावातलं आहे. २०१५ च्या बर्बन काउंटीच्या काही प्रकारांत लॅक्टोबॅसिलस वर्गातला जिवाणू सापडला, २०१६ च्या सुरुवातीला गूज आयलंडने ते जाहीर करून लोकांना पैसे परत दिले आणि त्या वर्षापासून बाटलीत भरण्याआधी बिअर पाश्चराइझ करायला सुरुवात केली. इतक्या मद्यातही तग धरणारे जंतू असतात, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. तुमच्या बाटलीत आंबटपणा नाही, म्हणजे ही ती भानगड नाही.

तरी नवऱ्याचं म्हणणं अर्धंच खरं. चार वर्षं काही फार नाहीत. नीट ठेवलेली चांगली स्टाउट चार वर्षांत सोया सॉसपर्यंत जायला नको. ती घ्यायच्या आधी दुकानात कुठे उभी होती, हे विचारून बघा.

---

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी पिंपाबद्दल थोडं लिहितो, कारण दीर सिंगल माल्टवाले आहेत, त्यांना हाच भाग जवळचा वाटेल.

अमेरिकन कायद्यानुसार बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. म्हणून एकदा वापरलेलं पिंप पुन्हा बर्बनला चालत नाही. ५३ गॅलनची, म्हणजे साधारण २०० लिटरची ही पिंपं मग स्कॉटलंडला जातात, रमवाल्यांकडे जातात आणि बिअरवाल्यांकडेही येतात. दीर ज्या माल्टमध्ये व्हॅनिला शोधतात, तो बऱ्याचदा अशाच पिंपातून आलेला असतो. लाकडातल्या लिग्निनमधून व्हॅनिलीन, ओकमधल्या लॅक्टोन नावाच्या द्रव्यांतून तुम्हाला लागलेलं खोबरं, आणि लाकडातल्याच, उष्णतेने तुटलेल्या हेमिसेल्युलोजमधून करपवलेली साखर. शिवाय फळ्यांत मुरलेली बर्बन बिअरमध्ये उतरते आणि तिचं मद्य वाढवते. तुमची धग काही अंशी तीच.

म्हणून एक सुचवतो. त्यांना आधी साध्या बर्बनचा अगदी छोटा घोट द्या आणि मग स्टाउट. पिंपाने काय दिलं आणि माल्टने काय दिलं, हे त्यांचं त्यांना वेगळं काढता येईल. माल्टवाल्या माणसाला असं शोधायला दिलं की तो रमतो.

---

प्रतिसाद ३

तापमानाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. फ्रिजमधून काढून लगेच ओतू नका. ४ अंशांला चॉकलेट आणि लाकूड दोन्ही गप्प बसतात, नुसता कडवटपणा लागतो. १२-१३ अंशांच्या आसपास ओता आणि अर्धा तास ग्लास हातात खेळवा. ग्लास खाली रुंद, वर निमुळता हवा. ब्रँडीचा असेल तर तोच काढा.

माणशी १०० मिली पुरे. ५०० मिलीच्या एका बाटलीत १४ टक्क्यांच्या हिशेबाने जवळपास चार स्टँडर्ड ड्रिंक (मद्य मोजायची अमेरिकेतली ठरावीक मात्रा) असतात, म्हणजे ती चौघांची बाटली आहे. त्या रात्री कुणी गाडी चालवायची नाही, हे आधीच ठरवून ठेवा.

सोबत फार गोड नको. चॉकलेट केकबरोबर स्टाउटच फिकी पडते. खारट ब्लू चीज किंवा भाजलेले बदाम ठेवा. जाऊबाईंना चीज चालत नसेल तर तिळाची साधी चिक्की चालेल, पण अगदी छोटा तुकडा.

कॉफीवाली बाटली ठेवू नका! कॉफीचा ताजा वास वर्षभरातच उतरू लागतो आणि पुढे बरेचदा ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास उरतो. ती पाहुण्यांसाठी नाहीच, या आठवड्यात तुम्ही दोघांनी उघडा.

---

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. इतकं सविस्तर उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

प्रतिसाद १ वाचून दुकानात जाऊन विचारलं. जुन्या वर्षांच्या बाटल्या त्यांच्याकडे दर्शनी कपाटात वरच्या फळीवर, दिव्यांखाली उभ्या असतात, उन्हाळ्यातसुद्धा. मालकाने स्वतःच सांगितलं आणि पुढच्या वेळी मागच्या थंड खोलीतली बाटली काढून देईन म्हणाला. चांगला माणूस आहे.

कॉफीवाली काल उघडली. हिरवा वास आहेच, कच्ची ढोबळी मिरची मधोमध चिरल्यावर येतो तसा, आणि त्याच्या मागे सोया सॉस. कॉफी शोधूनही सापडली नाही. आंबट नाही, फसफस नाही. ओततानाच मी थोडी वेगळी, अगदी तळाचा गाळ न घेता काढून ठेवली होती आणि शेवटचा भाग गाळासकट दुसऱ्या ग्लासात. गाळाच्या ग्लासात खारटपणा ठळक होता, वरच्या ग्लासात कमी, पण होताच. यीस्टचं म्हणणं मला आता पटलंय.

राहिलेली साधी बाटली पाहुण्यांसमोर ठेवणार नाही. ती आम्ही रविवारी उघडू, सावकाश आणि गाळ मागे ठेवून ओतू. दिरांसाठी यंदाचीच, बर्बनच्या घोटानंतर, ब्रँडीच्या ग्लासात. धग जास्त आहे खरी, पण कास्क स्ट्रेंथ (पाणी न घालता थेट पिंपातून भरलेली व्हिस्की) पिणाऱ्या माणसाला १४ टक्क्यांचं काय! जाऊबाईंना माझ्याच ग्लासातला एक घोट देईन, आवडली तर पुढचं बघू.

आता शेवटचा प्रश्न. यंदाच्या अजून दोन बाटल्या घेऊन तळघरात ठेवायचा विचार आहे. हिवाळ्यात तिथे १२-१३ अंश असतं, पण जुलै-ऑगस्टमध्ये २० च्या वर जातं. अशा जागी दोन वर्षं ठेवणं शहाणपणाचं आहे का, की त्यांच्यासाठी छोटा वाइन कूलर घ्यावा? कुणी इकडे मिडवेस्टात तळघरात स्टाउट ठेवून पाहिली असेल तर कृपया अनुभव लिहा.