मदत हवी आहे: काउंटरवर नम्र पण ठाम कसं बोलायचं?

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण सांगलीत विश्रामबागला एका किराणा दुकानात बिलिंगला बसते. सणाच्या तोंडावर गर्दी वाढली की लोक फोन कानाला लावूनच पैसे काउंटरवर टाकतात, हातात देत नाहीत. 'ए पोरी, आवर की लवकर' हे तर रोजचंच. ती मात्र सगळ्यांना काका-मावशी म्हणूनच बोलते.

जास्त वाद दोन गोष्टींवरून होतात. मालक म्हणतात, मोबाइल नंबर घेतल्याशिवाय बिल करायचं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच दुकानदारांना नंबरची सक्ती करू नका असं सांगितलंय, म्हणजे चिडणाऱ्या गिऱ्हाईकाचं बरोबरच आहे. पण बोलणी खाते ही. दुसरं, दहाची नाणी. ती चालतात हे रिझर्व्ह बँकेने अनेकदा स्पष्ट केलंय, तरी सुट्टे म्हणून दिली की लोक परत सरकवतात. परवा एका आजोबांनी सगळ्यांसमोर 'खोटी नाणी खपवतीस होय?' म्हटलं. घरी येऊन ती जेवलीच नाही.

तुमच्यापैकी कुणी काउंटरवर काम केलंय का? अशा वेळी नेमकं काय बोलता? आणि नोकरी सांभाळून मालकांकडे नंबरचा विषय कसा काढावा?